हमाली

ज्या कामास प्रतिष्ठा नाही व मोबदलाही बेताचाच, त्यास आपण सुशिक्षित लोक ‘हमाली’ म्हणून नाक मुरडतो. लेखणी खरडून कंटाळलेले आम्ही संपादकही या दोषातून मुक्त नाही. परंतु ज्यांच्या धंद्यावरून हा शब्द आला, त्यांनी एक दिवस पाठ टेकली तर आमच्या व्यापारी वाचकांपैकी कितीजणांस दुकान उघडता येईल?

पहाटे आडतबाजारात उभे राहून पाहावे. मालाची गाडी लागते, मुकादम टोळीस हाक मारतो, आणि पन्नाशी उलटलेला मनुष्य पाठीवर पोते घेऊन अरुंद फळीवरून तोल सावरीत उतरतो. थप्पी अशी रचतो की खालचे पोते फुटत नाही व वरचे ढळत नाही. लाखो रुपयांचा माल त्याच्या हाती उघडा असतो. शेटजींची वही पाहावी तर हमालीचा खर्च बारदान आणि सुतळी यांच्याच पंगतीस मांडलेला!

हे पोते पूर्वी १०० किलोंचे असे. प्रौढ पुरुषावर नित्य ५५ किलोंहून अधिक ओझे घालू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. तरी पोते ५० किलोंवर आणण्यासाठी आमच्या हमालांस पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले.

कायद्यापुढील अडचण निराळीच होती. दिवसातून दहा दुकानांची पोती वाहणाऱ्याचा मालक कोण? प्रत्येक व्यापारी म्हणे, ‘मी नव्हे.’ १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने ही गाठ मोठ्या चातुर्याने सोडविली. मजुरी व तीवरील लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरावी, आणि मंडळाने हमालास मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा इत्यादी द्यावे. ज्यास एकही धनी आपला म्हणत नव्हता, त्यास म्हातारपणाची शिदोरी मिळाली. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे हे फळ होय.

व्यापारी म्हणतात, लेव्ही जड जाते. शिवाय माथाडीच्या नावाने काही टोळभैरव न केलेल्या कामाची वाराई उकळतात. दुसरी तक्रार खरी आहे, आणि ती आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. पण खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे. त्याचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. त्यासाठी खऱ्या हमालाचा कायदाच ढिला करा म्हणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! लेव्हीविषयी इतकेच विचारतो की, आपल्या मुनिमाचा निधी भरताना शेटजींचा हात असाच आखडतो काय?

गिऱ्हाईकास ‘या, बसा’ म्हणणारे तोंड बापाच्या वयाच्या हमालास ‘ए’ म्हणून हाक मारते, हेही थांबावयास हवे. त्यास कायदा लागत नाही. आपल्या दारी राबणारी टोळी मंडळाकडे नोंदलेली आहे किंवा नाही, हे प्रत्येक आडत्याने या महिन्यात पाहावे. नसल्यास अर्ज लिहून देण्यास आम्ही तयार आहो. फी घेणार नाही.