निंदणाऱ्या हातांचं शिक्षण



‘आधी काय काम केलं?’ असं विचारलं की रिसोड-मानोऱ्याकडची बाई सांगते, ‘काही नाही, निंदाले जात होतो.’ या ‘काही नाही’मध्ये केवढं शिक्षण दडलेलं असतं!

1972 च्या दुष्काळानंतर, 1977 मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं. खडी फोडताना, माती वाहताना बायका बरंच शिकल्या. तोंडी मागणीला किंमत नाही. अर्ज द्यावा, पावती घ्यावी. मातीकामाची मजुरी मोजमापावर, म्हणून खड्डा मोजताना आपण तिथं हवं. हजेरीपट वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

काम संपलं की हे शहाणपणही तिथंच सोडायचं का? कापूस वेचणीला काट्यावर नजर ठेवणं हा त्याच धड्याचा पुढचा भाग. सोयाबीन सोंगणीचा गुत्ता घेताना दर आणि एकर आधी ठरवणं, हाही. पण गुत्ता नवरा-बायकोचा मिळून असतो आणि पैसे बहुतेकदा त्याच्या हातात पडतात. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. पण जिची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, तिला समान वेतनाचा नियम कसा लागू करायचा? रोजगार हमीवर हजेरीपटात तिचं नाव स्वतंत्र होतं. गुत्त्यातही तिचा हिस्सा तिच्या नावानं वेगळा मागायला हवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपली आजवरची कामं सांगावीत, लिहिता येणारीनं ती वहीत उतरवावीत. प्रत्येक कामापुढं एक धडा लिहावा. ‘काही नाही’ हे उत्तर मात्र कुणीच देऊ नये.