किती सोडवलेस ते नको, कुठे अडलास ते सांग

संध्याकाळी राजारामपुरीत क्लास सुटले की पोरं एकमेकांना एकच गोष्ट विचारतात: "भावा, किती झालं?" म्हणजे आज किती प्रश्न झाले. फिजिक्सचे शंभर, केमिस्ट्रीचे ऐंशी, मॅथ्सचे साठ. घरी गेल्यावर वडीलही तेच विचारतात. क्लासच्या जाहिरातीत हाच आकडा विकला जातो: हजारो प्रश्नांची बँक, रोजची टेस्ट, प्रत्येक प्रश्नाला व्हिडिओ सोल्युशन. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो आणि मला या आकड्याशीच भांडायचं आहे.

हा आकडा तयार कसा होतो ते बघा. गणित वाचायचं. अर्धा मिनिट बघायचं. सुटलं तर ठीक, नाही सुटलं तर सोल्युशन उघडायचं. "अरे हां, हे तर येत होतं" असं म्हणायचं आणि टिक मारायची. शंभरातले साठ प्रश्न असे 'झालेले' असतात. पण दुसऱ्याचं उत्तर कळणं आणि आपल्याला गणित सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासबागेत वर्षानुवर्षं कुस्त्या बघणाऱ्याला डाव ओळखता येतात, म्हणून त्याला कुणी आखाड्यात उतरवत नाही.

एक उदाहरण घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण, तीव्रता 10⁻⁸ मोलर. पीएच किती? सूत्रात आकडा टाकला की उत्तर येतं 8. म्हणजे पाण्यात आम्ल टाकलं आणि पाणी अल्कधर्मी झालं! इथे थांबून "हे कसं शक्य आहे?" असं स्वतःला विचारणारा पाच-दहा मिनिटांत पाण्याच्या स्वतःच्या हायड्रोजन आयनांपर्यंत पोहोचतो, कारण इतक्या विरळ द्रावणात ते आम्लाच्या आयनांपेक्षा जास्त असतात. मग हिशेब करून उत्तर येतं साधारण 6.98. आकड्यामागे धावणारा मात्र सोल्युशन बघतो आणि "10⁻⁸ दिसलं की 6.98" एवढी ट्रिक वहीत लिहून ठेवतो. त्याला आम्लाच्या जागी सोडियम हायड्रॉक्साइड दिलं की तो पुन्हा कोरा. पहिल्याने एक गणित सोडवलं आणि त्याला त्या जातीची दहा गणितं आली. दुसऱ्याच्या हाती एक आकडा आला.

यावर पालक आणि क्लासवाले एकच उत्तर देतात: सीईटीला वेळ कुठे आहे? उत्तर खोटं नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. मॅथ्सला 50 प्रश्नांसाठी तेवढाच वेळ, म्हणजे 108 सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही. चार पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी चारांतला एक बरोबर येतो. अशी परीक्षा विचाराला बक्षीस देत नाही, हे मला मान्य आहे. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले आहेत, त्यामुळे रॅंक ठरवणारी परीक्षा हीच. राधानगरीहून एसटीने येणाऱ्या पोरीला ही परीक्षा चुकीची आहे असं सांगून चालत नाही. तिला ती द्यायचीच आहे.

पण म्हणूनच आकड्याचा धंदा तिला जास्त महागात पडतो. 54 सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, तर विचार आधीच झालेला असावा लागतो. परीक्षेत जो वेग दिसतो, तो आधी कधीतरी त्याच जातीच्या गणिताशी तासभर झटापट केल्यामुळे आलेला असतो. तालमीतही जोर-बैठका मोजतात, आणि मोजाव्यातच. सूत्रं हातात बसायला सोपे प्रश्न भरपूर हवेतच. पण वस्ताद नुसते जोर मारून घेत नाही, तो आपल्याहून भारी गड्याशी लढायलाही लावतो. आमच्याकडे नुसत्या बैठकाच चालल्या आहेत. त्याचं बिल येतं इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, ऑप्शन नसलेला गणिताचा पेपर समोर आल्यावर.

जयंत नारळीकर 1938 साली कोल्हापुरात जन्मले आणि वाढले बनारसला. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मोरूमामांबद्दल, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजारांबद्दल सांगितलं आहे. मामा शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहायचे आणि घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवायचे. भाच्याला सुटेपर्यंत, किंवा तो हार मानेपर्यंत, ते तिथेच राहायचं.

तुम्ही म्हणाल, त्यांचे वडील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आमचे नाहीत. खरं आहे. पण या गोष्टीत पैशाने किंवा पदवीने मिळणारं काय आहे? एक फळा, एक गणित आणि उत्तर न सांगणारा माणूस. यातली तिसरी गोष्ट आज सगळ्यात दुर्मीळ झाली आहे, कारण उत्तर खिशातल्या फोनमध्ये आहे आणि ते उघडायला एक बोट पुरतं.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. क्लासवाल्यांनो, रोजच्या संचातली पाच गणितं वेगळी काढा आणि त्यांचं सोल्युशन चोवीस तासांनी द्या. पालकांनो, "किती सोडवलेस?" ऐवजी "आज कुठे अडलीस?" असं विचारा. तुम्हाला फिजिक्स येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. आणि पोरांनो, उत्तर आलं की लगेच पुढे पळू नका. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण काढलंत, तर कोन शून्य करून बघा, नव्वद करून बघा. सपाटीवर ठोकळा आपोआप पळत असेल, तर पर्यायांत तुमचं उत्तर असूनही ते चूक आहे.

सुरुवात आजच करायची असेल तर हे घ्या. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं, म्हणजे 1150 च्या सुमाराचं गणित आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे सरळ येतो आहे. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो आणि दोघांनी सारखंच अंतर कापलेलं असताना त्यांची गाठ पडते. बिळापासून किती हातांवर?

यासाठी पायथागोरसच्या प्रमेयापलीकडे काही लागत नाही. चार ऑप्शन मी देणार नाही, उत्तरही देणार नाही. फोन उलटा ठेवा आणि कागद घ्या.