वाघीण : विकतची, जोडलेली आणि आपली

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकासाठी कविता लिहावी, फार तर एखादे प्रवासवर्णन लिहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र मालगाडीच्या डब्यांवर लिहिणार आहे. आणि तेही खऱ्या डब्यांवर नव्हे, तर तळहातावर मावणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतींवर. विषय पोरकट आहे असे कोणाला वाटेल. पण घरात ज्या वस्तूभोवती माणूस तासन् तास रमतो, ती वस्तू विकत घ्यावी की स्वतः घडवावी, हा प्रश्न पोरकट खासच नाही. तो कपड्यांना लागू आहे, फराळाला लागू आहे, आणि परीक्षेच्या नोट्सना तर फारच लागू आहे!

मालडब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. इंग्रजी 'वॅगन' हा शब्द आपल्या जिभेवर आला आणि त्याची वाघीण झाली. छोट्या रेल्वेच्या छंदात या वाघिणींचे स्थान मोठे आहे. इंजिन एक असले तरी चालते, वाघिणी मात्र दहा-वीस लागतात. म्हणूनच त्या तयार घ्याव्यात की प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच, म्हणजे किट, आणून जोडाव्यात, हा वाद या छंदाइतकाच जुना आहे.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही नुसती खेळणी नव्हेत. प्रत्येक वस्तू ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली असते. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण म्हणजे ८७ ला १. आपल्या रेल्वेची कोळसा वाहणारी बॉक्सएन जातीची वाघीण १०.७१३ मीटर लांब असते; या प्रमाणात ती १२३ मिलिमीटर भरते, म्हणजे साधारण अर्धी वीत. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. छोट्या गाड्यांभोवती तिथे एक अख्खे शहर हाताने रचले आहे. आपल्यापैकी ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते चटकन उमगेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी पुण्याच्या पुढच्या फेरीत जरूर पाहावे.

आता मूळ वादाकडे वळू. प्रथम तयार वाघिणीची बाजू मांडतो, कारण ती दुबळी नाही. कारखान्यात तयार झालेल्या वाघिणीवरची अक्षरे इतकी बारीक छापलेली असतात की ती वाचायला भिंग लागते. तशी अक्षरे कोणत्याही हाताने काढता येणार नाहीत. चाके नीट बसवलेली असतात, वजन बेताचे असते, आणि खोक्यातून काढून रुळावर ठेवली की ती चालू लागते. दिवसभर नोकरी करून थकलेल्या माणसाला संध्याकाळी अर्धा तास गाडी चालवायची असेल, तर त्याने वाघिणी जोडत बसावे हा आग्रह अन्यायाचा आहे. शिवाय उत्तम तयार वाघीण डोळ्याला शिकवते. खरा डबा कुठे गंजतो, दाराचा कडीकोयंडा कसा असतो, ब्रेकचा दांडा कुठून जातो, हे तिच्याकडे पाहून कळते.

तिचे दोषही सांगायला हवेत. बारीक पायऱ्या, दांडे, कठडे यांची शोभा जितकी जास्त, तितकी मोडण्याची भीती जास्त. माझ्याकडे आलेल्या एका तयार वाघिणीची पायरी खोक्यातच तुटलेली होती. तो भाग सुटा कुठेच मिळेना, आणि डबा उघडतो कसा हेही कळेना. ज्याने वस्तू जोडलेली नसते त्याला ती उघडताही येत नाही. दुसरे असे की तयार वाघिणी ठरावीक संख्येने निघतात आणि संपतात. आज पाहिलेली वाघीण पुढच्या वर्षी मिळेलच याचा भरवसा नसतो.

किटची गोष्ट निराळी आहे. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले सुटे भाग असतात : दोन लांब बाजू, दोन टोके, तळ, चाकांचे आधार. ते ओढून तोडायचे नसतात. कापून घ्यायचे, कानशीने कडा साफ करायच्या आणि मग जोडायचे. हे जोडणे डिंकाने चिकटवण्यासारखे नसते. प्लॅस्टिकसाठीचे पातळ द्रावण दोन्ही कडा किंचित विरघळवते आणि त्या एकजीव होतात. एका परीने ते वितळजोडच म्हणायचे. म्हणून सांध्यावर ब्रशचे एक टोक टेकवले की पुरे. जास्त झाले की भिंतच वितळते. सर्वांत नाजूक काम चाकांचे. चारही चाके एका पातळीत आली नाहीत तर वाघीण वळणावर हमखास घसरते. त्यासाठी उपाय साधा आहे. द्रावण वाळण्याआधी वाघीण काचेच्या तुकड्यावर ठेवायची आणि एकेका कोपऱ्यावर बोट टेकवायचे. डुगडुगली तर तिथेच सरळ करायची.

मग वजन. प्लॅस्टिकची रिकामी वाघीण फार हलकी असते, ओढताना रुळावरून उडते. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या छोट्या रेल्वेच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी एक सूत्र दिले आहे. ८७ ला १ या प्रमाणात मूळ एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. या हिशेबाने आपल्या १२३ मिलिमीटरच्या वाघिणीचे वजन सुमारे ९७ ग्रॅम असावे. ते साधायला तळाशी नट, वॉशर किंवा शिशाचे तुकडे चिकटवतात. हे सारे करताना माणूस नकळत खऱ्या रेल्वेचे शास्त्र शिकतो : वजन कुठे हवे, आस किती मोकळी हवी, वळणावर काय होते. कला शाखेचा विद्यार्थी असूनही हे मला समजले, याचे श्रेय वर्गाला नाही, किटला आहे.

पैशाचाही विचार करू. एका चांगल्या तयार वाघिणीच्या किमतीत साधी दोन-तीन किट येऊ शकतात. पण धातूची चाके, जोडकड्या, रंग, अक्षरपट्ट्या हे सारे वेगळे घ्यावे लागले की फरक बराच आटतो. त्यातून हा माल बहुतेक परदेशी. आपल्या जकातीच्या यादीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच वर्गात मोडतात, आणि खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. देशी खेळण्यांना आधार मिळावा हा हेतू चांगलाच. पण त्याची झळ वाघिणीलाही बसली. तेव्हा केवळ स्वस्त म्हणून किट घ्या, असे मी म्हणणार नाही. तो युक्तिवाद टिकणारा नाही.

इथे माझ्या एका मित्राने घेतलेला आक्षेप नोंदवला पाहिजे. तो म्हणतो, "किट जोडणे म्हणजे तरी काय? भाग दुसऱ्याने आखले, साचा दुसऱ्याने केला, तू फक्त अमुक भाग तमुक भागाला चिकटवलास. त्यात तुझे असे काय?" आक्षेप खरा आहे. साचे तर एका कंपनीकडून दुसरीकडे फिरतात. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९६२ साली किटमास्टरचे साचे घेतले, पुढे एअरफिक्सचे रेल्वेचे साचे डॅपोलकडे गेले, आणि त्यांतून निघणारे भाग हजारो घरांत सारख्याच रीतीने चिकटवले गेले. माझ्या टेबलावरची वाघीण आणि इंग्लंडातल्या एखाद्या पेन्शनराच्या टेबलावरची वाघीण यांत फरक असलाच तर माझ्या रंगाच्या फटकाऱ्यांचा!

याचे उत्तर मला आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यात सापडते. दगड, माती, पोती जमवून आपण अंगणात किल्ला बांधतो, त्यावर अळीव पेरतो, आणि मावळे मात्र बाजारातून विकत आणतो. मावळे विकतचे आहेत म्हणून 'किल्ला तुझा नव्हे' असे कोणी म्हणत नाही. अलीकडे शहरात प्लास्टरचा अख्खा तयार किल्लाही मिळतो. तो आणून ठेवणाऱ्या मुलाला मात्र आपण 'किल्ला केलास' असे म्हणत नाही, 'किल्ला आणलास' असे म्हणतो. तेव्हा प्रश्न विकतच्या आणि हातच्या वस्तूचा नाहीच. तुम्ही कोणता किल्ला करता, राजगड की प्रतापगड, हे तुम्ही ठरवले का, आणि त्याचा बुरूज कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, हा खरा प्रश्न आहे.

हाच प्रश्न वाघिणीला विचारला की वादाचे स्वरूप बदलते. वाघीण कोणाची? तयार वाघीण घ्या वा किट घ्या, ती बहुधा इंग्लंडची, जर्मनीची किंवा अमेरिकेची असते. अलीकडे आपल्याकडे काही हौशी कारागीर भारतीय वाघिणी बनवू लागले आहेत ही आनंदाची बाब. पण अडचण रुळांपासूनच आहे. बाजारातल्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर, ८७ ने गुणले की ती युरोपची रुंदी होते, १४३५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. म्हणजे भारतीय वाघीण त्या रुळांवर ठेवली की ती खऱ्यापेक्षा जवळपास एक वीत अरुंद मार्गावर उभी असते. अंगरखा आपला आणि पायात बूट साहेबाचे, तसे ते दिसते.

आणि आपल्या मुलुखाची रेल्वे तर त्याहून निराळी. १९१४ साली दौंड ते बारामती ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. आज त्याच वाटेवर ब्रॉडगेज आहे. आपल्याला जवळचे स्टेशन नीरा. तिथून जाणारा पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होता. इंदापूरच्या पलीकडे कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तीही अडीच फुटी. तिचा रचनाकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असे ठरवले, आणि सर्व वाघिणी दोन बोग्यांवर बसवल्या. हलके रूळ आणि तरीही भरपूर माल, हे त्याचे कौशल्य. १९५४ साली ही रेल्वे सरकारने घेतली. आज तोही मार्ग ब्रॉडगेज आहे. थोडक्यात, आपल्या आजोबांनी पाहिलेले डबे बदलले, रूळ बदलले, आणि मी चाळलेल्या कोणत्याही कंपनीच्या यादीत बारामतीची वाघीण नाही. ना तयार, ना किटमध्ये. ती कोणी करणारही नाही. कारण ती घेणार कोण?

म्हणून माझे मत असे आहे. तयार वाघीण जरूर घ्या, डोळा तयार होण्यासाठी. किट जरूर जोडा, हात तयार होण्यासाठी. पण या दोन्ही पायऱ्या आहेत, माजघर पुढे आहे. डोळा आणि हात तयार झाले की जी वाघीण कुठेच मिळत नाही ती करा.

हे अशक्य नाही, हे हिशेबाने दाखवतो. बार्शीच्या मालडब्यांचा सांगाडा २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असे. ८७ ला १ या प्रमाणात तो सुमारे ८८ मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस मिलिमीटर रुंद होतो. अडीच फुटांचा रूळ याच प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतो. आणि बाजारात १६० ला १ प्रमाणाच्या गाड्यांसाठी ९ मिलिमीटरचे रूळ, चाके, बोग्या सर्रास मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा! म्हणजे बोग्या तयार घ्यायच्या, जोडणीचे तंत्र किटवर शिकायचे, आणि डब्याचे अंग कार्डशीटचे किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे आपण कापायचे. मावळे विकतचे आणि किल्ला आपला, तसे हे झाले.

यात आपल्या महाविद्यालयाचाही वाटा असू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दौंड-बारामतीच्या छोट्या गाडीच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून टिपून घ्याव्यात, घरोघरीच्या पेट्यांतील जुने फोटो पाहावेत. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी जुना मार्ग नकाशावर काढावा. ज्याचा हात बरा आहे त्याने सुरी आणि पट्टी घ्यावी. त्या गाडीत बसलेली माणसे आता थोडी उरली आहेत. दार सरकते होते की उघडते, रंग कोणता होता, गार्डाचा डबा कुठे लागे, हे सांगणारे कोणी उरले नाही तर कार्डशीट कितीही नीट कापले तरी उपयोग नाही. तेव्हा विचारायला उशीर करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आपण गाइड विकत घेतो, नोट्स झेरॉक्स करतो, आणि ते सगळेच वाईट असते असेही नाही. पण निदान एक तरी गोष्ट अशी असावी की जी दुकानात मागून मिळणार नाही. माझ्यापुरती ती गोष्ट आठ-नऊ सेंटिमीटर लांबीची आहे. मला तिची दोन-चार मापे अजून हवी आहेत. कोणाच्या घरी त्या गाडीचा फोटो असेल तर ग्रंथालयात मला अवश्य गाठावे.