बियाणे राखणारीचे नाव कोठे ?

भातशेतीचे निम्मे यश बियाण्यात असते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु ते बियाणे कोणाच्या हातून निवडले जाते आणि त्याचा मोबदला कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न आमच्या शहरवासी व व्यापारी वाचकांपुढे क्वचितच येतो. तो आज मांडावयाचा आहे.

कोकणातील किंवा मावळातील दहा-वीस गुंठ्यांच्या धन्याच्या घरी कापणीच्या सुमारास जाऊन पाहावे. नांगरट, चिखलणी व बाजार ही पुरुषांची कामे; रोपे उपटणे, लावणी व बेणणी ही मुख्यत्वे स्त्रियांची; कापणी-झोडणीस घरचे सर्वच राबतात. परंतु पुढील सालाकरिता कोणत्या लोंब्या बाजूस काढावयाच्या, त्या किती उन्हे द्यावयाच्या, कणगीत भरावयाच्या की पेंढ्याच्या मुड्यात बांधावयाच्या, आणि मृगापर्यंत उंदीर, कीड व ओल यांपासून त्या कशा राखावयाच्या, हा निर्णय बहुधा घरच्या बाईचा असतो. पावसाळ्याच्या तोंडी घरातील दाणे संपत आले तरी बियाण्याच्या मुड्यास हात लावू न देणारीही तीच. भात हे स्वपरागित पीक आहे. संकरित वाण सोडले तर नीट निवडून राखलेले बी पुढील वर्षी बहुतांशी तसेच उतरते. म्हणूनच या गृहिणीच्या डोळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेते पिकत आली.

आता हेच बियाणे व्यापारी माल झाले आहे. प्रमाणित भातबियाण्यास शेकडा ९८ शुद्धता व किमान ८० टक्के उगवण असावी लागते, आणि ओलावा १३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. या अटी प्रयोगशाळेत तपासल्या जातात. परंतु त्या पुऱ्या होतात त्या शेतात आणि खळ्यावर. उभ्या पिकातून निराळ्या उंचीचे, निराळ्या लोंबीचे भेसळ रोप ओळखून उपटणे, एका वाणाचा दाणा दुसऱ्यात मिसळू न देणे, बी वेळेवर वाळविणे, हे ते काम होय, आणि ते करणारे हात पुष्कळ अंशी स्त्रियांचेच आहेत. पण बीजोत्पादनाच्या नोंदणीस सातबाराचा उतारा लागतो, सोसायटीच्या पीककर्जास तोच उतारा लागतो, आणि मालाची रक्कम ज्याच्या नावे नोंदणी त्याच्या खात्यात जमा होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा सुमारे १४, आणि त्यांच्याकडील क्षेत्र शेकडा १२ हूनही कमी होते. म्हणजे जिचे काम चिखलात गुडघाभर दिसते, तिचे नाव कागदावर शोधून सापडत नाही !

यात अन्याय तर आहेच. पण नुकसानही आहे. कृषिखात्याचा एक साधा सल्ला घ्या. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. पोकळ दाणे तरंगतात ते काढून टाकावे, आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. मिठापलीकडे या उपायास खर्च नाही. परंतु तो ऐकावयास बोलावणे जाते खातेदारास, आणि सभा भरते ती घरची बाई पाण्यावर किंवा चुलीपाशी असते त्या वेळी. ज्याने ऐकले तो बी भिजवीत नाही, आणि जी भिजविते तिने ऐकलेले नाही. मग तो सल्ला पडवीच्या आत जावा कसा? जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०११ च्या आपल्या अहवालात असे अनुमान मांडले होते की, स्त्रियांस पुरुषांइतकीच साधने मिळाल्यास त्यांच्या शेतांचे उत्पन्न शेकडा २० ते ३० वाढू शकेल. धान्याचा व्यापार करणारांनी या आकड्याकडे दयेच्या नव्हे, हिशेबाच्या दृष्टीने पाहावे.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्र सरकारने २००५ साली हिंदू वारसाकायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचाही अधिकार दिला. मात्र संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेखाली विकू नये, एवढी मर्यादा घातली. परंतु माहेरी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्र पुढे येते, आणि सासरी पतीच्या हयातीत तिचे नाव आपोआप लागत नाही. दोन्ही उंबरठ्यांवर ती पाहुणीच राहते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले, व पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन पतींनी स्वखुषीने पत्नीच्या नावे जमीन करावी असा आग्रह धरला. त्या हाकेस गावेच्या गावे पुढे आली, हे महाराष्ट्रास भूषणावह आहे. ती रीत सर्वत्र पडली नाही, हे तितकेच लाजिरवाणे आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक, बाईचे नाव लावल्याने घरात फूट पडेल. आम्ही विचारतो की, भावाभावांत वाटणीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ते काय बायकांच्या नावांमुळे ? जिचे नाव उताऱ्यावर आहे, ती जमीन सहजासहजी सावकारास किंवा दलालास जाऊ देणार नाही. घर त्यामुळे सांभाळलेच जाईल. दुसरा आक्षेप असा की, अडाणी बाईस बियाण्याचे शास्त्र काय कळणार ? यास अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे हे उत्तर पुरेसे आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी भात, वाल व भाजीपाल्याचे देशी वाण जतन केले, आणि सरकारने २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर केली. शहाणपण होतेच, ते शहाणपण म्हणून मोजावयास कोणी तयार नव्हते. मात्र एका राहीबाईंचा सत्कार करून बाकीच्यांची नावे विसरण्याची सवड आम्हांस मिळते असे कोणी समजू नये.

आमच्या सूचना थोड्या आहेत. पतीच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचे काम तलाठ्याने गावोगाव जाऊन, हेलपाटे न घालविता करून द्यावे. जमीन नावावर नसली तरी शेत प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रीस सोसायटीचे सभासदत्व, कर्ज व प्रशिक्षण मिळावे. बीजोत्पादनाची नोंदणी पतिपत्नींच्या जोड नावांनी व्हावी आणि रक्कम जोड खात्यात पडावी. बियाण्याविषयीच्या सभा बायकांच्या सवडीच्या वेळी, त्यांच्याच वाडीत भराव्या.

आणि व्यापारी बंधूंस विनंती एवढीच की, यंदा भाताचे बी घ्याल तेव्हा ते कोणी निवडले, कोणी वाळविले, हे विचारा, आणि पावतीवर तिचेही नाव घाला. सरकारी ठरावास वर्षे लागतात. पावतीवर एक नाव लिहावयास शाईचा एक थेंब पुरतो, आणि त्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.