नोकरदारांचा विजेता संघ

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील बार्टल्सव्हिल हे खनिज तेलावर वाढलेले छोटे शहर. तेथे फिलिप्स बंधूंनी १९१७ मध्ये फिलिप्स पेट्रोलियम ही कंपनी स्थापन केली आणि पुढच्या काही वर्षांतच तिच्या कर्मचाऱ्यांचा बास्केटबॉल संघ उभा राहिला, जो नंतर ‘फिलिप्स ६६’ या पेट्रोलच्या नावावरून ‘सिक्स्टी-सिक्सर्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कंपनीच्या गोदामात कारकुनी करणारा आणि याच संघातून खेळलेला बूट्स ॲडम्स १९३८ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. संघाला लाभलेल्या उदार आश्रयामागे ही गोष्ट निश्चितच असावी.

या संघास अर्धव्यावसायिक म्हणावे लागते, कारण त्याचे खेळाडू कागदोपत्री हौशी होते. ॲमेच्युअर ॲथलेटिक युनियन, म्हणजे हौशी खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था, खेळण्याचा मोबदला घेणाऱ्यास आपल्या स्पर्धांतून आणि पर्यायाने ऑलिंपिकमधून बाद ठरवीत असे. परंतु खेळाडूने कंपनीत नोकरी करून पगार घेण्यास या नियमाची आडकाठी नव्हती, आणि नोकरी देताना उमेदवाराची उंची व नेमबाजी पाहिली जाई हे सर्वांना ठाऊक असूनही त्याविषयी कोणी फारसे बोलत नसे. बँका, रेल्वे व कारखान्यांनी पोसलेले क्रिकेट आणि कबड्डीचे संघ पाहिलेल्या मुंबईकर वाचकास ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. तत्त्वतः ती ढोंगीच होती. मात्र खेळाडूच्या बाजूने पाहता, गुडघा दुखावला तरी पोट चालेल अशी हमी त्या काळच्या धंदेवाईक संघांपेक्षा तीच अधिक देत होती.

बॉब कर्लंड याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे सात फूट उंचीच्या या खेळाडूने ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालयास १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती. तरीही नव्याने निघालेल्या व्यावसायिक लीगकडे न वळता त्याने फिलिप्सची नोकरी पत्करली आणि निवृत्तीपर्यंत ती सोडली नाही. हौशी संघांचे राष्ट्रीय विजेतेपद सिक्स्टी-सिक्सर्सनी एकूण ११ वेळा जिंकले, त्यांपैकी सहा १९४३ ते १९४८ या काळात सलग. १९४८ च्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत त्यांनी न्यूयॉर्क येथे केंटकी विद्यापीठाच्या गाजलेल्या संघास ५३-४९ असे हरविले, आणि लंडनला गेलेल्या अमेरिकी संघाचे प्रशिक्षकपद फिलिप्सच्या बड ब्राउनिंग यांच्याकडे आले. केंटकीचे दिग्गज ॲडॉल्फ रप यांना साहाय्यकाच्या जागेवर समाधान मानावे लागले. अंतिम सामन्यात अमेरिकेने फ्रान्सचा ६५-२१ असा पराभव केला. कर्लंड १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही सुवर्णपदक विजेत्या संघात होता.

संघाच्या ऱ्हासाचे कारण मैदानाबाहेर शोधावे लागते. १९४९ मध्ये दोन व्यावसायिक लीगच्या एकत्रीकरणातून एनबीए हे नाव पुढे आले, आणि दूरचित्रवाणीच्या प्रसाराबरोबर तिच्या खेळाडूंचे मानधन वाढत गेले, तसे उत्तम खेळाडूस कचेरीतल्या खुर्चीचे आकर्षण उरले नाही. १९६२ आणि १९६३ मध्ये फिलिप्सने पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद जिंकले खरे, पण तोवर महाविद्यालयांतून बाहेर पडणारे पहिल्या प्रतीचे खेळाडू या वाटेला क्वचितच येत. १९६७ मध्ये दुसरी व्यावसायिक लीग सुरू होऊन खेळाडूंसाठीची चढाओढ आणखी तीव्र झाली, आणि १९६८ मध्ये कंपनीने संघ विसर्जित केला.