हद्दपारीचा प्रश्न आणि आपली कामगार चळवळ



अलीकडे शाखांच्या सभांमधून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. बेकायदा आलेल्या परदेशी लोकांना देशाबाहेर काढण्याच्या मोहिमेवर युनियनचे म्हणणे काय? काही सभासद पुढे असेही म्हणतात की हे लोक कमी मजुरीत राबतात, त्यामुळे आपल्या पोरांची कामे जातात, मग युनियनने त्यांचा कळवळा का घ्यावा? प्रश्न रास्त आहे. रेल्वे आणि टपाल खात्यातील मराठी कर्मचारी मालीगावपासून मडगावपर्यंत पसरलेला आहे. हा वाद आज ना उद्या त्याच्या दारात येणारच. म्हणून आमचे मत आम्ही येथे स्पष्ट मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट साफ करू. आपल्या सीमेची राखण करण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. माणसांची चोरटी ने-आण करणारे दलाल, बनावट कागद विकणाऱ्या टोळ्या, गुन्हे करून लपलेले लोक यांच्यासाठी आम्ही रदबदली करणार नाही. आमचा प्रश्न वेगळ्या माणसांचा आहे. वीस-तीस वर्षे एका गावात राहून ज्यांनी वीटभट्टीवर, बांधकामावर, जरीच्या कारखान्यात घाम गाळला, ज्यांची मुले इथेच जन्मली आणि इथल्याच शाळेत शिकली, अशांच्या हाती कागद नाही किंवा कागदावर शंका आहे, एवढ्याने त्यांना रातोरात उचलून सीमेपलीकडे ढकलावे काय? वाद आहे तो याचा.

या वादाचा सर्वांत मोठा अनुभव आसामच्या गाठी आहे. १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला आणि २४ मार्च १९७१ ही अखेरची तारीख ठरली. त्यानंतर आलेले परदेशी शोधून काढायचे, असे ठरले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली नागरिक नोंदवही तयार झाली. तीन कोटी तीस लाख लोकांनी अर्ज भरले. पन्नास हजारांवर सरकारी कर्मचारी या कामाला जुंपले गेले आणि बाराशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अंतिम यादी लागली, तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ माणसे यादीबाहेर राहिली. त्यांत हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. या यादीवर तिची मागणी करणारे समाधानी झाले नाहीत आणि तिला विरोध करणारेही झाले नाहीत. २०२५ सालीही ती अधिसूचित झालेली नव्हती. एवढा पैसा, एवढी मेहनत आणि एवढी धास्ती यातून निघाले काय, याचा विचार प्रत्येक सुज्ञ कामगाराने करावा.

आपल्या टपाल बंधूंना यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९७१ पूर्वीचा पुरावा म्हणून जे कागद मान्य होते, त्यात जुनी मतदार यादी, जमिनीचा कागद, विम्याची पॉलिसी यांच्या जोडीला पोस्टातल्या खात्याचाही समावेश होता. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या खेड्यातल्या पोस्टमास्तरने मारलेला शिक्का कुणाच्या तरी नातवाचे नागरिकत्व राखू शकत होता. पण ज्या मजुराजवळ बचत करायला चार पैसेच नव्हते, त्याचे खाते कुठून असणार? जमीन नसलेल्याने सातबारासारखा कागद कुठून आणायचा? लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांचे हाल तर विचारू नका. माहेर आणि सासर जोडणारा एकच कागद त्यांच्याजवळ होता, तो म्हणजे पंचायतीचा दाखला. असे सुमारे ४८ लाख दाखले गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत अग्राह्य ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते पडताळणी करून ग्राह्य धरण्यास परवानगी दिली. मधल्या नऊ महिन्यांत त्या बायकांनी काय सोसले असेल?

कुणी म्हणेल, ज्याचे कागद ठीक त्याला भीती कशाची? आम्ही उलट विचारतो, आपले स्वतःचे कागद एकदा काढून बघा. आपल्यापैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली आणि तीच सर्व्हिस शीटवर चढली. कुणाचे आडनाव रेशन कार्डावर एक, तर पेन्शनच्या कागदावर दुसरे. भुसावळला जन्मलेले, बिलासपूरला शाळेत गेलेले आणि सिकंदराबादला नोकरीला लागलेले मूल तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी नाव लिहून घेते. सेवानिवृत्तीच्या वेळी एका वेलांटीसाठी सहा महिने पेन्शन अडकल्याची प्रकरणे शाखेकडे येतात, ती आम्ही सोडवतो. आसामात अशाच एका वेलांटीसाठी माणूस परदेशी ठरला आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात सांगितले की स्पेलिंग आणि तारखांतल्या किरकोळ फरकांवरून कुणाला परदेशी ठरवता येणार नाही, आणि हाती काही आधार असल्याशिवाय सरकारने संशयही घेऊ नये. बारा वर्षांनी तो माणूस भारतीय ठरला, पण निकाल ऐकायला तो हयात नव्हता.

आता कायद्याचे बघू. आपल्याला एसएफ-५ मिळाला तर आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी प्रशासनाची असते. चौकशी अधिकारी नेमावा लागतो, साक्षीदारांची उलटतपासणी करता येते, डिफेन्स हेल्पर घेता येतो, अपील करता येते. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात उलट आहे. आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा अंमलात आला, पण पुराव्याचे ओझे होते तिथेच राहिले. एक इन्क्रिमेंट रोखायचे तरी नोटीस लागते आणि माणसाचे घरदार व देश काढून घ्यायचा तर त्यानेच धावाधाव करायची, हा न्याय आम्हाला पटत नाही.

चौकशीशिवाय काढून टाकणे म्हणजे काय, हे रेल्वे कामगाराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९७४ च्या मे महिन्यातील संपात आपल्या वडीलधाऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढले गेले. १९८१ मध्ये लोको रनिंग कर्मचाऱ्यांवर शिस्त व अपील नियमांतील १४ (दोन) हे कलम चालवून चौकशीविना बडतर्फी झाली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, तोवर बारा वर्षे गेली होती. ज्या चळवळीने हे भोगले, तिने दुसऱ्याच्या बाबतीत ‘चौकशी कशाला हवी’ असे म्हणू नये.

शिवाय या मोहिमा आपल्याच गाड्यांतून चालल्या आहेत. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस बांगलादेशी म्हणून पकडलेल्या काही लोकांना कुर्ला-हावडा एक्सप्रेसने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. पकडलेल्यांत जरीकाम करणारे बंगाली मजूर होते, आणि ते आपलेच नागरिक आहेत असे बंगालचे म्हणणे होते. दोन राज्य सरकारांत भांडण जुंपले. त्या जमावाचे आम्ही समर्थन करत नाही. पण त्याला सत्तावीस वर्षे झाल्यावर, जून २०२५ मध्ये, महाराष्ट्रात कामाला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना पकडून बांगलादेशात ढकलले गेले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. भाषा ऐकून माणूस ओळखायचा ठरवले की असेच होणार. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तर हे अधिक कळायला हवे.

आता मजुरीचा प्रश्न. हे लोक कमी पैशात काम करतात, हे खरे आहे. पण का करतात? तक्रार केली तर पोलीस उचलतील, ही धास्ती आहे म्हणून करतात. ती धास्ती ठेकेदाराच्या हातातली काठी आहे. याचा पुरावा अमेरिकेत बघा. तिथे कोटीभराहून अधिक लोक कागदाविना राहतात आणि त्यातले अनेक दहा-वीस वर्षांपासूनचे आहेत. १९८६ च्या कायद्याने १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना संधी दिली, तेव्हा सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. १ जानेवारी १९७२ पूर्वी आलेल्यांना नोंद करून कायम राहता येते, अशीही तरतूद तिथे आहे, मात्र ती तारीख १९८६ नंतर पुढे सरकवलेली नाही. त्याच १९८६ च्या कायद्याने बिनकागदी कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड लावला आणि तिथल्या मोठ्या कामगार महासंघाने त्याला पाठिंबा दिला होता. झाले असे की युनियन उभी राहू लागली की मालक कागद मागू लागला. २००२ मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की युनियनच्या कामासाठी बेकायदा काढलेला कामगार बिनकागदी असेल, तर त्याला बुडालेला पगार मिळणार नाही. म्हणजे अशा कामगाराला काढणे मालकाला स्वस्त झाले. हा धोका त्या महासंघाने आधीच ओळखला होता. २००० च्या फेब्रुवारीत त्याने धोरण बदलले आणि या लोकांना कायदेशीर करा, अशी मागणी केली.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या आणि पायात साखळदंड. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. त्यातले बहुतेक नुकतेच गेलेले होते, जुने रहिवासी नव्हते, हे खरे. तरीही साखळदंड पाहून आपल्याला राग आला, आणि तो योग्यच होता. तोच राग आपल्या देशात बेड्या पडतात तेव्हा का येऊ नये?

मग मार्ग कोणता? सगळ्यांना हाकलणे शक्य नाही. दुसरा देश ‘हा आमचा’ म्हणून घेत नाही तोवर माणूस छावणीत सडतो. आसामात असेच झाले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये तीन वर्षे आणि २०२० मध्ये दोन वर्षे कोठडीत काढलेल्यांना अटींवर सोडण्यास सांगावे लागले. तारीख ठरवून जुने रहिवासी सामावून घेता येतात, हे आपल्या कायद्यालाही नवे नाही. १९६६ ते मार्च १९७१ या काळात आसामात आलेल्यांना दहा वर्षांनंतर पूर्ण नागरिकत्व देणारे कलम ६-अ सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी चार विरुद्ध एक मताने वैध ठरवले.

म्हणून आमच्या मागण्या अशा. लेखी नोटीस, राहत्या ठिकाणी चौकशी, फुकट वकील आणि अपील यांशिवाय कुणालाही सीमेवर नेऊ नये. दीर्घकाळ राहून कष्ट करणाऱ्यांसाठी एक निश्चित तारीख ठरवून, गुन्ह्याची नोंद नसलेल्यांना निदान राहण्याचा व काम करण्याचा परवाना द्यावा. मुलांना आईबापांपासून तोडू नये. आणि कागद असो वा नसो, केलेल्या कामाची किमान मजुरी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे, न देणाऱ्या ठेकेदारावर खटला भरावा. या शेवटच्या मागणीत आपल्या पोरांच्या रोजगाराचेही रक्षण आहे. स्वस्तात राबणारा माणूस मिळेनासा झाला की ठेकेदाराला भेदभाव करण्याचे कारणच उरत नाही.

शाखांनी दोन कामे ताबडतोब हाती घ्यावीत. आपल्या यार्डात, स्टेशनवर, सॉर्टिंगच्या जागी राबणाऱ्या ठेक्यावरच्या मजुरांपैकी कुणी उचलला गेला तर शाखा सचिवाने पोलीस ठाण्यात जाऊन त्याची लेखी नोंद घ्यावी आणि त्याच्या घरी कळवावे. टपाल बंधूंनी, जुन्या खात्याचा उतारा मागायला कुणी गोरगरीब आला तर त्याला खिडकीवरून परत पाठवू नये, नियमात बसेल ती सर्व मदत करावी. सभेत मतभेद असतील तर मोकळेपणाने मांडा, शाखेचे ठराव आमच्याकडे पाठवा. येत्या अधिवेशनात हा विषय आम्ही ठेवणार आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!