'पुन्हा' म्हणण्याआधी

मंडळात मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, पण मी डॉक्टर धातुशास्त्राचा. मेंदूबद्दल जे थोडंफार कळलं ते गेल्या दोन वर्षांत, घरातच.

आमच्या हिच्या स्तनाच्या कॅन्सरची एक गाठ मेंदूत, उजव्या कपाळामागे, निघाली. किरणोपचाराने ती आक्रसली. अकरा महिन्यांनी सकाळी डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, ही गप्प राहू लागली, गॅसवरची फोडणी विसरू लागली. एमआरआयमध्ये त्याच जागी पांढरा डाग, भोवती सूज. "कॅन्सर पुन्हा आला," असं आम्हाला सांगण्यात आलं. पुण्याहून फोन सुरू झाले: या वयात डोकं उघडू नका. माझंही मत तेच होत चाललं होतं. प्रश्न विचारला तो इथेच जन्मलेल्या आमच्या मुलीने. "बाबा, हे रेडिएशनचंच डॅमेज असेल तर?"

किरणोपचारानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, झिरपू लागतात, सूज येते आणि तिथल्या पेशी मरतात. याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. पंचाईत अशी, की साध्या एमआरआयवर हा मेलेला भाग आणि वाढणारी गाठ जवळजवळ सारखीच दिसतात. परफ्यूजन किंवा पेट स्कॅनने अंदाज येतो. खात्री बहुधा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच.

पहिला उपाय स्टेरॉइडचा. डेक्सामेथासोनने हिची सूज उतरली, पण गोळी कमी केली की पुन्हा तेच. शिवाय रक्तातली साखर ३०० वर, झोप उडालेली, मांड्यांतलं बळ गेलेलं. कमोडवरून उठताना मी हात द्यायचो. बेव्हॅसिझुमॅब हे इंजेक्शन अनेकांना लागू पडतं, पण त्याने जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा ऑपरेशन होणार असेल तर ते आधी काही आठवडे बंद ठेवावं लागतं. बारीक छिद्रातून लेझरचा तंतू घालून तो भाग जाळण्याची सोयही आता झाली आहे. आमच्या सर्जनने कवटी उघडून तो भाग काढायचं सुचवलं. जागा हात पोचण्यासारखी होती, मेंदूवरचा दाब उतरणार होता आणि निदानही पक्कं होणार होतं.

अहवालात जिवंत कॅन्सरपेशी एकही नव्हती. तीन आठवड्यांत स्टेरॉइड सुटलं.

सगळ्यांनी ऑपरेशन करावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्रास नसेल तर नुसती नजर ठेवतात, कधी ते आपोआप निवळतं. बोलण्याच्या केंद्राजवळ असेल तर सर्जन स्वतःच दहादा विचार करतो. काहींच्या तुकड्यात मेलेला भाग आणि कॅन्सर दोन्ही सापडतात. पण पुराव्याआधी 'पुन्हा' हा शब्द उच्चारू नये, या मताला मी आलो आहे. त्या शब्दाने औषधं बदलतात आणि घरची माणसं मनातल्या मनात निरवानिरव करू लागतात. मी मृत्युपत्राचे कागद काढून बसलो होतो. हिने ते पाहिले, आणि काही बोलली नाही.

आणखी एक. आईवडिलांचे किरणोपचार भारतात झाले असतील तर त्यांना इकडे आणताना त्याचा कागद मागून घ्या: तारखा, किती ग्रे, किती वेळा, मेंदूचा नेमका कोणता भाग. आमच्या सर्जनने सर्वांत आधी तोच मागितला होता.